जन्मलेली तीन, हयात दोन

व्यंकटरावांना जाऊन एकवीस दिवस झाले आणि महारुद्रकाकांनी फोन करून भाटाला बोलावून घेतलं.

भाट म्हणजे घराण्याच्या वंशावळीची वही राखणारा. राणीसावरगावात तो आठ-दहा वर्षांतून एकदा यायचा. घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या नावापुढे तिथी चढवायची, आणि ती चढवण्याआधी मूळ पुरुषापासून सगळी नावं भावकीपुढे मोठ्यानं वाचायची, अशी या घराची रीत. वाचन चाललेलं असताना बायका आत असायच्या. चहा बाहेर पाठवायचा आणि शिधा बांधून ठेवायचा, एवढंच त्यांचं काम.

या वेळी प्रियदर्शनीला बाहेर बसायचं होतं.

त्या वहीत तिचं नाव होतं. नऊ पिढ्यांत लिहिली गेलेली एकुलती एक लेक. ती जन्मली तेव्हा व्यंकटरावांनी भाटाला दावणीची कालवड सोडून दिली होती आणि म्हटलं होतं, "लिही पोरीचं नाव. लिहायचं नसंल तर माझंबी खोड." ही हकीगत तिनं वडिलांच्या, अण्णांच्या, तोंडून इतक्यांदा ऐकली होती की त्या कालवडीचा रंगसुद्धा तिला ठाऊक होता. बांडी होती ती, कपाळावर पांढरा टिळा असलेली.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा ती परभणीच्या शाळेतली नोकरी सोडून गावी आली. पेज भरवली, दर दोन तासांनी कूस बदलली, तिरप्या झालेल्या तोंडातून निघणारे अर्धे शब्द पुरे करून घेतले. ते गेले तेव्हा अग्नी दिला काकांच्या मुलानं, गोपाळनं. पुण्याहून आला, डोकं करून घेतलं, तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि चौथ्या दिवशी रजा संपली म्हणून निघून गेला. अग्नी काय, कोणीही देतं. वहीत अण्णांच्या नावाखाली तिचं नाव होतं, आणि ते एकदा, एकदाच, सगळ्यांसमक्ष वाचलेलं तिला ऐकायचं होतं.

जुन्या दप्तरांचं तिला नवल नव्हतं. नोकरी सोडल्यापासून ती घरबसल्या हेच काम करत होती. परदेशातल्या लोकांना आपले पूर्वज शोधून हवे असतात. एक कंपनी त्यांना शोधून देते. आणि त्या कंपनीसाठी राणीसावरगावच्या मधल्या खोलीत बसून प्रियदर्शनी चर्चच्या, जहाजांच्या, अनाथालयांच्या नोंदी वाचते. गेल्या महिन्यापासून तिच्याकडे लिव्हरपूलच्या नोराबाईंचं काम होतं. वय वर्षं चौऱ्याऐंशी. नोराबाईंची आजी ब्रिजिट त्या बंदराच्या शहरात अनाथालयात वाढली. घरात सांगत आले ते असं, की आयर्लंडहून येताना बोटीवर ताप आला आणि ब्रिजिटचे आईबाप दोघंही गेले. आजी दर वर्षी त्यांच्या नावानं मेणबत्ती लावायची. आता नोराबाई आजीच्या थडग्यावर नवा दगड बसवत होत्या, आणि त्यावर त्या आईबापांची नावं कोरायची होती. दगडवाला शुक्रवारपर्यंत थांबणार होता.

प्रियदर्शनीला नावं सापडली होती. नको ते सगळंच सापडलं होतं.

बोटीवर कोणी मेलं नव्हतं. डेनिस टिअर्नी बायको आणि दोन वर्षांची लेक घेऊन १८८८ साली लिव्हरपूलला सुखरूप उतरला आणि गोदीत हमाली करू लागला. वर्षभरानं त्यानं लेकीला अनाथालयाच्या दारात आणून सोडलं. तिथल्या नोंदीत लिहिलं होतं, "डावा पाय आखूड. बाप सांभाळू शकत नाही." पुढे त्याला दोन मुलगे झाले. आणि मग १९११ची खानेसुमारी. त्या वर्षी घरोघरच्या कर्त्यानं कागद आपल्या हातानं भरून द्यायचा होता. डेनिसनं भरला होता. या लग्नाची जन्मलेली मुलं तीन. हयात दोन. मृत एक.

ब्रिजिट तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि तिथून तीन गल्ल्या पलीकडे एका धुलाईघरात कामाला होती.

तो कागद प्रियदर्शनीनं आठ दिवस दाबून ठेवला होता. नोराबाईंना फक्त नावं कळवायची, १९११चं पान मिळालं नाही म्हणायचं, असं तिनं अण्णांच्या तेराव्याच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. मेणबत्ती लावलेल्या बापाबद्दल असलं काही ऐकायची वेळ कोणावर आणू नये.

गुरुवारी सकाळी भाट आला. नागनाथ त्याचं नाव, पन्नाशीचा, बापामागं वही सांभाळणारा. ओसरीत सतरंजी टाकली. भावकीतले सात-आठ जण जमले. प्रियदर्शनी खांबापाशी येऊन बसली तशी दोघांनी माना वळवल्या.

"बसू द्या की," महारुद्रकाका म्हणाले. "आण्णानं पोरगा म्हणूनच वाढविली तिला. बस गं बाई. नीट म्होरं बस, ऐकू आलं पायजे."

आतून केशरबाईंनी हाक मारली. "प्रिया, आत ये. दूध उतू जायलंय."

"गॅस बंद कर ना आई."

"तू ये म्हणते ना मी."

ती उठली नाही. आईनं दारापर्यंत येऊन एकदा तिच्याकडे पाहिलं, मग महारुद्रकाकांकडे, आणि पदर सावरत आत गेली.

नागनाथनं लाल फडक्यातून वही सोडली. हळद-कुंकू झालं. मग त्यानं एका लयीत वाचायला सुरुवात केली. कोण कुठून आला, कोणाला किती मुलगे, कोणाची बायको कुठल्या घराण्यातली. एखाद्या नावाशी थांबून तो पुढे फक्त "बुडाला" म्हणायचा. मुलगा नसला की तेवढाच शब्द. पिढीमागून पिढी येत गेली तसतशी नावं ओळखीची होऊ लागली. पणजा आला, आजा आला. प्रियदर्शनीनं हातातला रुमाल आवळला.

"त्यांचे थोरले पुत्र व्यंकटराव," नागनाथ म्हणाला आणि अर्धा श्वास अडखळला. "व्यंकटरावांचे पुत्र गोपाळराव. दुसरे पुत्र महारुद्रराव, त्यांचे पुत्र..."

"थांबा," ती म्हणाली. "काहीतरी चुकलं. गोपाळ काकांचा."

"दत्तक हाय ताई. वहीपुरता."

"कधीपासून?"

"मागल्या खेपंला आलतो तवापासून."

नऊ वर्षं. मग ती म्हणाली, "बरं. पण त्याच्याआधी एक नाव आहे. ते राहिलं वाचायचं."

नागनाथनं वहीवर हात पालथा ठेवला. "जाऊ द्या ना ताई. तिथी चढवू आन् मोकळे हू."

"भाटबुवा, वही जशी आहे तशी वाचायची असते. गाळायची नसते."

"आमाला शिकवू नका ताई. आमी कदी गाळीत न्हाई. एखांद्या येळंला गाळावं लागतंय."

"वाच की नागनाथ," महारुद्रकाका मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. "शिकलेली लेक हाय. तिला सगळं खरं लागतंय."

नागनाथ वाचेना. तेव्हा ती उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. बाईनं वहीला हात लावायचा नसतो. तिनं लावला नाही, नुसती वाकली. वही मोडीत होती, आणि तिला मोडी वाचता येत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं हात काढून घेतला.

अण्णांचं नाव. त्याखाली नागनाथच्या बापाचं जाड, गोलसर अक्षर: *कन्या प्रियदर्शनी.* कालवडीची गोष्ट खरी होती. त्याच्यापुढे दुसऱ्या शाईत, नागनाथच्या बारीक अक्षरात: *मयत.* आणि खालच्या ओळीत: *दत्तक पुत्र गोपाळ.* समासात तिथी, फाल्गुन वद्य तृतीया, आणि सांगणाऱ्याची सही. ती सही तिनं शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती. व्यंकटराव, आणि खाली दोन रेघा.

"असं का लिहिलंत?" तिनं विचारलं.

"लेक लिहिलेली आसताना तिच्या म्होरं दत्तक बसत न्हाई वहीत," नागनाथ खाली मान घालून म्हणाला. "मी मनलं त्यास्नी, मालक, पोर जिती हाय. ते मनले, हाय. लिही."

ओसरीत कोणी खाकरलं.

"सात-बाऱ्यावर तुजं नाव लागंल की," महारुद्रकाका म्हणाले. "कायदाच हाय तसा, आमी कोण न्हाई म्हणणारे? पन हितं कायदा न्हाई चालत. हितं आण्णाच चालत होता." मग ते भावकीकडे वळले. "आन् बगा, मागल्या खेपंला आपल्याला चा कुनी दिला व्हता? हिनंच. मेलेल्या माणसाच्या हातचा चा पिलाव, लय ग्वाड व्हता!"

दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी पायांकडे पाहिलं.

तिला तो दिवस आठवला. होळीची सुट्टी होती. तिनं आल्याचा चहा केला होता, शिध्याची पिशवी स्वतः शिवली होती. संध्याकाळी अण्णा तिच्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आज वहीत तुजं नाव पाहिलं, प्रिया. अजून ठळक हाय."

नागनाथनं बोरू उचलला. "तिथी चढवू ना मालक?"

"चढव," काका म्हणाले.

ती आत आली. केशरबाई ओट्याशी उभ्या होत्या. दूध उतू गेलेलं नव्हतं. गॅसवर ठेवलेलंच नव्हतं.

"तुला माहीत होतं."

"म्हणून तर हाक मारली."

"नऊ वर्षं, आई."

"मग काय करायचं व्हतं? वंशाला नाव नको? दिरानं जीव खाल्ला व्हता त्यांचा. तू काय, आज हाय, उद्या परक्याच्या घरी." केशरबाईंनी नाक पुसलं. "गेलीस न्हाईस ती गोष्ट येगळी."

"त्या रात्री अण्णा काही बोलले का? रडले का?"

केशरबाईंनी खरंच आठवून पाहिलं. कोणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"न्हाई. जेवले. पुरणाची पोळी केली व्हती भाटासाठी, त्यातल्या दोन खाल्ल्या. मग झोपले." शिध्याचं सूप त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. "हे दे नेऊन बाहेर. त्यो उपाशी निघंल."

प्रियदर्शनीनं सूप उचललं. गहू, डाळ, गूळ, मिठाची पुडी. बाहेर नेऊन नागनाथच्या पंच्यात ओतलं. त्यानं रिवाजाप्रमाणे आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं. घरातल्या माणसानं शिधा दिला की त्याचं नाव घेऊन "शतायुषी हो" म्हणायचं असतं. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि आशीर्वाद न देताच त्यानं पंच्याची गाठ मारली.

दुपारी बारा वाजता तिनं मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं. शेजारी अण्णांची खाट होती, गादी उन्हात टाकलेली. तिनं लॅपटॉप उघडला. नोराबाईंना पाठवायचं पत्र कालच लिहून ठेवलं होतं. नावं, गाव, बोटीची तारीख, आणि शेवटी "१९११चं पान उपलब्ध होऊ शकलं नाही, क्षमस्व." ते वाक्य तिनं पुसलं. अनाथालयाची नोंद जोडली. खानेसुमारीचा कागद जोडला. त्यातले तीन आकडे ठळक दिसावेत म्हणून तेवढा भाग मोठा करून वेगळा जोडला. खाली एकच वाक्य लिहिलं: "हे अक्षर ब्रिजिटच्या वडिलांचं आहे."

पाठवलं. लिव्हरपूलला तेव्हा सकाळ होत होती. म्हाताऱ्या माणसांना झोप कमी असते. अर्ध्या तासात उत्तर आलं.

"प्रिय प्रिया, मी नीट वाचलं ना? म्हणजे ती कुठे आहे हे त्याला माहीत होतं? की त्याला खरंच वाटलं असेल ती गेली? ठाऊक नसेल बिचाऱ्याला. तुला काय वाटतं? तू इतकी कागदपत्रं पाहतेस."

बाहेर महारुद्रकाका नागनाथला गाडीपर्यंत पोचवायला निघाले होते. हसण्याचा आवाज आला. प्रियदर्शनीनं ते पत्र दोनदा वाचलं. म्हातारी तिच्याकडे एका शब्दाची भीक मागत होती, आणि तो शब्द देणं अजिबात अवघड नव्हतं. सकाळी नागनाथनं 'जाऊ द्या ना ताई' म्हणत तसाच शब्द तिला दिला होता. तिनंच घेतला नव्हता.

तिनं लिहिलं, "माहीत होतं. तीन गल्ल्यांचं अंतर होतं, आणि रविवारच्या प्रार्थनेला दोघं एकाच चर्चमध्ये जात. दोघांचीही नावं तिथल्या यादीत आहेत. यादीही जोडते आहे."

ती तिनं जोडली.