भुलाबाईला रेगे

शुभंकरची बोटं गिटारवर होती, पण जीव सगळा मनकर्णाकाकूंच्या चेहऱ्याकडे लागला होता.

छत्तीसगढात, स्मृति नगरातल्या काकूंच्या अंगणात कोजागिरीची भुलाबाई मांडली होती. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, आत मातीचे भुलोजी-भुलाबाई आणि पुढे गाणी म्हणायला सेक्टरा-सेक्टरांतून आलेल्या बायका. त्यांच्या मधोमध सोनलने माइक उभा केला होता.

सोनल आणि शुभंकर ही चुलत भावंडं. पहिल्या अल्बममध्ये दोघांनी घरची वऱ्हाडी गाणी गिटार-ढोलकीवर गायली आणि ती पार नागपूरपर्यंत पोचली. लोक म्हणाले, अजून असंच काढा. नेमकं तेच शुभंकरला नको होतं. दुसऱ्या अल्बमसाठी त्याने जात्यावरची ओवी ब्लूजमध्ये बसवली, हळदीचं गाणं छत्तीसगढी मांदर ढोलावर नेलं, पाळणा नुसत्या शिट्टीवर ठेवला आणि भुलाबाईला रेगेचा परदेशी ठेका दिला. हथखोजच्या कारखान्यात दिवसभर मुकाट्याने मापं तपासणारा हा माणूस. त्याने आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला होता.

सोनलने सांगून टाकलं होतं, "हे बघ शुभ्या, बायकांनी रेगेवर गायलं तर अल्बम तुझ्या मनासारखा. नाही तर सगळी गाणी पुन्हा ढोलकीवर. स्टेजवर तोंड मले दाखवावं लागते, तू तर गिटारमागे लपते."

संधीही आजचीच. उद्या भुलाबाई पाण्यात शिरवली, की काकू वर्षभर ही गाणी ओठावर आणत नसत.

पहिल्या खेपेला बायकांनी जोरात टाळ्या धरल्या. गिटार मात्र दोन टाळ्यांच्या मधे वाजत होती. दुसऱ्या ओळीलाच गाडं रुतलं.

"काऊन रे," काकू म्हणाल्या, "टाळी पडते तवा तू कुठं जाऊन राहिला?"

"मधल्या जागेत, काकू."

"मधल्या जागेत कोण राह्यते?"

"भाडेकरू!" मागच्या बायकांतून लतिकावहिनी ओरडल्या आणि अंगणभर हसू फुटलं.

दुसऱ्या खेपेला बायका गिटारची वाट बघत राहिल्या आणि गिटार बायकांची. सोनलने कानावरचे हेडफोन काढले.

"यार, हो नहीं रहा. जाऊ दे. मी गाडीतून ढोलकी आणते."

शुभंकरने गिटार बाजूला ठेवली.

"थांब वं पोरी," काकू म्हणाल्या. "आधी खिरापत होऊ दे. घसा सुकला साऱ्यांचा."

आज खिरापत लतिकावहिनींची होती. झाकण घट्ट लावलेला स्टीलचा डबा त्यांनी कानाशी धरून हलवला. ओळखल्याशिवाय कुणाच्या हातावर काही पडायचं नाही, हा रिवाज. सगळ्या एकदम चिडीचूप झाल्या.

खुळुक.

"फुटाणे!"

"नाही."

खुळुक, खुळुक.

"शेंगदाणे!"

"अर्धं बरोबर."

काकूंनी डोळे मिटले. "पुन्हा हलव... शेंगदाणे अन् खारीक."

"काकूपुढं काही लपत नाही बाई!" म्हणत वहिनींनी झाकण उघडलं.

शुभंकर बघतच राहिला. मघाशी ज्या एकमेकींचंही ऐकत नव्हत्या, त्याच बायका डब्याच्या आवाजाला जागा सोडून बोलत होत्या. त्याने गिटार मांडीवर ओढली.

"काकू, माझीपण एक खिरापत आहे."

ते इतकं हळू होतं, की सोनललाच ते मोठ्याने सांगावं लागलं.

"तुह्या खिरापतीचा डबा कुठं?" काकूंनी विचारलं.

"हा." त्याने गिटारवर थाप मारली. "आत गाणं आहे. ओळखा."

मघाचं गाणं त्याने सोडून दिलं. भुलाबाईचंच दुसरं एक, आज कुणी न म्हटलेलं, त्याने त्याच अडखळत्या ठेक्यावर शब्दांशिवाय वाजवलं. काय वाजतंय तेच कळेना, तर टाळी कोण धरणार?

"सिनेमातलं!"

"नाही."

"पाळणा!"

"नाही."

"पुन्हा हलव," काकू म्हणाल्या. डोळे मिटलेले, मान डोलत होती, आणि डोलत होती ती बरोबर मधल्या जागेत. तिसऱ्यांदा तो ओळीच्या शेवटाशी आला तशा त्या ताडकन सरळ झाल्या. "अवं, हे तर नणंदेच्या रुसव्याचं!"

आणि गाऊच लागल्या. टाळी नाहीच, मांडीवर थाप, तीही गिटारसोबत. मागोमाग सगळ्या. लतिकावहिनी उरलीसुरली खिरापत तालात हलवायला लागल्या. सोनल रेकॉर्डिंग सुरू करायला लॅपटॉपकडे धावली, पण तोवर एक कडवं निघून गेलं होतं.

"पहिल्यापासून म्हणता का, काकू?"

"आता थांबवून दाखव!"

ते त्यांनी आणखी दोनदा म्हटलं. मग काकूंनी शुभंकरच्या गुडघ्यावर चापट मारली. "दुसरी खिरापत काढ."

त्याने ब्लूजमधली ओवी काढली. ती लतिकावहिनींनी ओळखली. मग हळदीचं. सोनलही आता बायकांत मांडी घालून बसली होती. ती सगळ्यांच्या आधी ओरडली, "पाळणा!"

"नाही," शुभंकर म्हणाला.

"अवं, हळदीचं आहे," काकू म्हणाल्या. "तूच गायलं ना हे? मग तुलेच कसं ओळखू येत नाही?"

सोनल आधी लाजली, मग हसत सुटली, इतकी की लतिकावहिनींच्या खांद्यावर कोसळली. शुभंकर वाजवायचं थांबला.

"ताई... मग अल्बम?"

"तुझ्या मनासारखा, बाबा. सगळाच." तिने डोळे पुसले. "पण एक गाणं अजून ओळखायचं राहिलं. शिट्टी वाजव, मी हरणार नाही."