काटा तीनवर

सुनेने इंधनाचा दाब राखणारा छोटा रेग्युलेटर व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरला, येणारी आणि जाणारी अशा दोन्ही नळ्या त्याला जोडल्या आणि मान वर न करता म्हणाली,

“सोडा पंप.”

मिस्त्रींनी बटण दाबलं. पत्र्याच्या टाकीतून पेट्रोलऐवजी भरलेलं चाचणीचं तेल खेचलं जाऊ लागलं. तिने प्रयोगशाळेतून आणलेल्या दाबमापकाचा काटा झटकन उठला आणि हव्या असलेल्या तीन बारच्या पुढे निघून गेला. साडेतीन. त्याहून थोडा वर. तिने रेग्युलेटरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला, आणखी सैल केला, पार हातात यायच्या बेताला आणला. काटा हटून बसला होता.

“पंप मोठा, आणि ह्याचं परतीचं तोंड लहान,” ती म्हणाली. “उरलेलं तेल टाकीत परत जायला वाट पुरत नाही. तीनवर हा कधी यायचाच नाही.”

“मुंगीच्या बिळात हत्ती शिरतो होय!” मिस्त्री म्हणाले. “दुकानदाराला मी तेच सांगत होतो. पण त्याला खोक्याचा रंग दाखवण्यात रस.”

मिस्त्री तिचे सासरे. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणायची. लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे ते गॅरेजच्या पाटीसाठी नव्हे, त्यांच्या हातासाठी. सून दाबमापक तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. आज तिने सुट्टी काढली होती, कारण दुकानदाराने दोन रेग्युलेटर पाठवले होते आणि संध्याकाळपर्यंत त्यांतला एक परत करायचा होता. राहील तो गॅरेजच्या मधोमध उभ्या असलेल्या गाडीला बसणार होता. गाडीचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलं होतं. टर्बो लावलेलं, सहाशे हॉर्सपॉवरचं इंजिन उघडं पडलं होतं. ह्याच्या आधीचं तसलंच इंजिन सात महिन्यांपूर्वी घाटाच्या शर्यतीत चौथ्या वळणावर गेलं. पिस्टन मेणासारखा वितळला होता. हेही गेलं, तर तिसरं घ्यायची ऐपत ह्या घरात नव्हती.

त्या दिवशी गाडी चालवत होती ती मिस्त्रींची मुलगी. आत्ता ती दाराशी उलट्या बादलीवर बसून नखांतलं काळं काढत होती. ही भली उंचीपुरी बाई, पण घरात तिला अजून चिमणीच म्हणत.

“चिमणे, बघ तरी इकडे,” मिस्त्री म्हणाले. “तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं.”

“बघतेय की. कानांनी.”

“कानांनीच बघ. त्या दिवशी कानांनी ऐकलं असतंस तर पाय वेळेवर उचलला असतास.”

चिमणी नखं कोरत राहिली. सात महिन्यांत हे वाक्य सुनेने इतक्यांदा ऐकलं होतं की ते कधी येणार हेही तिला आधी कळायचं. पिस्टन का वितळला, तर पोरीने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला नाही. मिस्त्रींनी ते घाटावर चारचौघांत सांगितलं आणि चारचौघांनी ते पुढे नेलं. गॅरेजची गिऱ्हाइकं मात्र तुटली नाहीत. चिमणी तेव्हापासून औषधांच्या पेट्यांची व्हॅन चालवत होती. ह्या गाडीत बस म्हटलं की म्हणायची, हात बसत नाही. रविवारी पुन्हा तोच घाट होता.

सुनेने मोठा रेग्युलेटर लावला. हा मुठीएवढा होता, वजनाने जड. पंप सुरू झाला आणि तिने स्क्रू फिरवत काटा खाली आणला. चार. साडेतीन. तीन. तिथे तिने हात काढून घेतला.

काटा तीनवर उभा राहिला.

“आता गंमत बघा,” ती म्हणाली आणि रेग्युलेटरच्या डोक्यावरच्या बारीक तोटीला मापक असलेला हवेचा हातपंप जोडला. गाडीत ह्या तोटीला इंजिनाकडून एक नळी येते. टर्बो इंजिनात हवा कोंबतो तेव्हा तीच हवा त्या नळीतून इथे येऊन आतल्या पडद्यावर दाब देते.

तिने पंप दाबला. हवा एक बार, तेल चार. हवा दीड, तेल साडेचार. हवा एक पॉइंट आठ.

“चार पॉइंट आठ,” चिमणी म्हणाली. ती बादलीवरून केव्हा उठली हे कोणालाच कळलं नव्हतं.

सुनेने हवा सोडली. काटा उतरत तीनवर आला. पुन्हा दाबली, तो पुन्हा चढला, हवा जेवढी तेवढाच. रोज दहा-वीस मापकं हाताखालून जायची तिच्या, पण तिने हवा तिसऱ्यांदा दाबून पाहिली. ह्या डबीत वीज नव्हती, वायर नव्हती, मेंदू नव्हता. एक स्प्रिंग आणि रबराचा एक पडदा. पलीकडे हवेचं वादळ उठलं की हा पडदा तेलाला सांगत होता, तूही तेवढाच जोर कर, नाहीतर आत जळेल सगळं. ते सांगणं इतकं अचूक होतं की तिने वहीत टिपलेल्या आकड्यांच्या दोन ओळी एकमेकींच्या सावल्यांसारख्या दिसत होत्या.

“बाप रे,” मिस्त्री हळूच म्हणाले. आयुष्यभर त्यांनी हे रेग्युलेटर बसवले होते, पण असा उघड्यावर, शेजारी शेजारी दोन काटे ठेवून कधी पाहिला नव्हता. “हे तर श्वास मोजतंय गं सूनबाई.”

“हाच ठेवायचा,” ती म्हणाली. मग तिच्या सवयीप्रमाणे विचारलं, “जुना कुठंय? जळालेल्या इंजिनाचा?”

“तो कशाला? मेलेल्याची नाडी बघून काय मिळणार?”

“बघू तरी.”

कपाटातल्या चिंध्यांतून मिस्त्रींनी तो काढून दिला. तिने लावला. हवा एक, तेल चार. हवा एक पॉइंट आठ, तेल चार पॉइंट आठ. तिने तीनदा करून पाहिलं.

“ह्याच्यात काही खोट नाही, बाबा. हा चांगला आहे.”

“मी म्हणतच नव्हतो त्याची खोट आहे म्हणून.” मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं नाही, पण बोलणं तिच्याकडेच गेलं.

सून विचार करत होती. “हा चांगला, पण हवा ह्याच्यापर्यंत पोचलीच नसेल तर? मग हा तीनवरच बसून राहील. वर वादळ, खाली तेल तुटपुंजं. पिस्टन वितळणारच. ती डोक्यावरची जुनी नळी आहे का?”

“फेकली,” चिमणी म्हणाली. “मीच फेकली. तेव्हाच.”

“तपासायच्या आधी?”

“वहिनी, रेग्युलेटर बसवायचाय ना? चल, उजेड आहे तोवर उरकू.”

मिस्त्रींनी मोठा रेग्युलेटर स्वतःच्या हाताने गाडीत बसवला. तिथे ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. गाडीच्या टाकीत पेट्रोल होतं. नव्या जोडांवर चिमणीने कापड फिरवून गळती नसल्याची खात्री केली आणि खिडकीतून हात घालून इंजिन सुरू केलं. जमिनीवरच्या पान्यांचा खुळखुळाट झाला.

चालत्या इंजिनावर तीनचा दाब लावायचा तर डोक्यावरची नळी काढावी लागते. मग त्या नळीचं उघडं तोंड बंद करावं लागतं, नाहीतर इंजिन तिच्यातून फुकटची हवा ओढतं. कोणी बोट लावतं, कोणी चिमटा. मिस्त्रींनी शर्टाच्या खिशातून बेअरिंगचा एक छर्रा काढला आणि अंगठ्याने नळीच्या तोंडात दाबला. छर्रा आत दिसेनासा झाला. नळीला जाड विणीचं आवरण होतं, त्यामुळे बाहेरून फुगवटासुद्धा जाणवेना.

“हे काय?” सुनेने विचारलं.

“आपली पद्धत. हात मोकळे राहतात.” काट्यावर नजर ठेवून त्यांनी स्क्रू फिरवला. तीन. लॉकनट आवळला. चेहऱ्यावर समाधान आलं. डोळे काट्यावरून न हलवता त्यांनी उजव्या हाताने नळी उचलली आणि तोटीकडे नेली.

“आधी छर्रा, बाबा.”

इंजिनावरून चिमणीचा तळहात त्यांच्यासमोर आला होता. उघडा, स्थिर. ती नळीकडे बघतसुद्धा नव्हती.

मिस्त्रींचा हात तोटीपाशी थांबला. त्यांना आठवलं असतं की नसतं, हे आता कोणी सांगू शकलं नसतं. तोटीवर नळी दाबली असती तर तोटीनेच छर्रा आणखी आत ढकलला असता, आणि मग तो कोणालाही दिसला नसता. नळी कापून पाहणाऱ्याला सोडून.

ते मुलीकडे बघत राहिले. मग नळीकडे. मग पुन्हा मुलीकडे.

सुनेने नजर दाबमापकावर खिळवली. प्रयोगशाळेत दाब किती वेळ टिकतो ह्याचीही चाचणी असते. दहा मिनिटं टिकला की पास. चिमणीसारखी सात महिने टिकलेली चाचणी तिने कधी पाहिली नव्हती. काटा तीनवर होता आणि तिचे डोळे भरून आल्यामुळे तिला तो नीट दिसत नव्हता.

मिस्त्रींनी नळी चिमटीत धरून पिळत पिळत छर्रा तोंडाशी आणला. तो चिमणीच्या तळहातावर पडला. तिने मूठ मिटली.

“चिमणे,” ते म्हणाले. इंजिनाच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही, किंवा पुढे काही नव्हतंच.

“मोठ्याने बोला ना बाबा. मी कानांनी बघते.”

मिस्त्रींनी हात घालून इंजिन बंद केलं. गॅरेज एकदम मोठं वाटायला लागलं. त्यांनी नळीचं दुसरं टोकही इंजिनावरून उपसलं, सगळी नळी हातात घेतली, चिंधीने दोन्ही तोंडं पुसली आणि एक तोंड सुनेपुढे धरलं. त्यांच्या कामावर दुसऱ्याची नजर फिरलेली तिने ह्या घरात आल्यापासून पाहिली नव्हती.

“सूनबाई, फुंक मारून बघ. आरपार जाते का सांग.”

तिने फुंकलं. दुसरं टोक चिमणीने गालाजवळ धरलं होतं. तिच्या कपाळावरची बट हलली.

“जाते,” चिमणी म्हणाली.

“पुन्हा एकदा बघ,” मिस्त्री म्हणाले. सून पुन्हा फुंकत होती, तोवर त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवरचा पसारा काढायला सुरुवात केली होती.