हेरिंगचं जाळं

लिबस्टर गावच्या चर्च हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी ऊना मोवॅट नाच शिकवायची आणि मी अकॉर्डियन वाजवायचो. सव्वीस वर्षं. एके काळी चार-चार जोड्यांचे तीन गट उभे राहायचे. त्या हिवाळ्यात ऊना धरून मोजके आठ जण उरले होते. त्यांतला एक तिचा नवरा मॅग्नस.

मॅग्नसला विसर पडायला लागून दोन वर्षं झाली होती. पूर्वी ऊना नाच निवडताना कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला नवं काही हवंय, सगळं बघायची. आता मॅग्नसला काय झेपेल एवढंच बघायची. त्याला ती कायम चौथ्या जोडीत उभं करायची, म्हणजे पाळी येईपर्यंत तीनदा बघायला मिळायचं. तरी तो चुकायचा. आधी तिरकं ओलांडून जायचे नाच गेले, मग आठाच्या आकड्यात फिरायचे. ख्रिसमसनंतर हात धरून गोल फिरायचे तेवढे तीन राहिले.

एकदा चहाच्या वेळी नाचणाऱ्यांतली क्रिसी बोललीच. "ऊना, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे आपण शाळेत नाचायचो गं. अजून काय फुगड्या घालत बसायचं?"

"मॅग्नसला…"

"त्याच्यासाठीच चाललंय सगळं. डोळे आहेत आम्हाला."

मॅग्नस शेजारीच बिस्कीट खात होता. म्हणाला, "क्रिसी बरोबर बोलते." त्यावर सगळे हसले. ऊना हसली नाही.

पुढच्या मंगळवारी तिनं एक पिवळट कागद माझ्यापुढे ठेवला. 'हेरिंगचं जाळं', हेरिंग मासे धरायच्या जाळ्यावरून नाव. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मॅग्नसनं स्वतः रचलेला नाच. चारही जोड्या एकमेकांच्या हातांखालून जाळं विणल्यासारख्या सरकत जातात. आमच्याकडचा सगळ्यात अवघड नाच तो.

"हे त्याला नाही गं झेपायचं," मी म्हणालो.

"डोक्यातून गेलं असेल, वॉटी. पायांतून नाही जायचं. त्याचाच नाच आहे."

दोन मंगळवार तिनं तो नुसता चालवून घेतला, संगीताशिवाय. मॅग्नस चुकला की कुणीतरी खांद्याला धरून वळवायचं. तिसऱ्या मंगळवारी मी वाजवायला लागलो आणि पहिली फेरी मॅग्नस अगदी बरोबर नाचला. पाठ ताठ, पायाचा पंजा पुढे, पूर्वीसारखा. ऊनाचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे हात त्याच्या डोक्यावर आले आणि तो मध्येच थबकला.

"सोडा! सोडा मला!"

त्यानं दोन्ही हातांनी ढकललं. क्रिसी भिंतीवर आदळली आणि तिचं मनगट मोडलं.

तिला गाडीत घालून नेलं. मॅग्नस बाकावर बसला होता. ऊना त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"कुणाचा हा नाच?" त्यानं विचारलं.

"तुझा, मॅग्नस."

"छे! ज्यानं रचलाय ना, त्याला सांग, माणूस मध्ये अडकतो यात."

क्रिसीनं कुणाला दोष दिला नाही, पण ती परत आली नाही. तिचा जोडीदारही नाही. ऊनानं तीन जोड्यांचे नाच काढले, तर चौघंच आले. दोन जोड्यांचे काढले, तोवर मार्चमध्ये मॅग्नसला विक गावच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. घरातही तो लोकांना ढकलायला लागला होता.

त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही दोघंच आलो. तिच्या हातात यादी होतीच, नेहमीसारखी, सहा नाचांची. अर्धा तास वाट बघून तिनं ती घडी करून पर्समध्ये टाकली.

"गोल फिरण्यात तो खूश होता," ती म्हणाली. "मी निवडला तो नाच. माझ्यासाठी."

"तसं नाही गं," असं मी म्हणायला हवं होतं. पण मला ते खोटं बोलता आलं नाही. आम्ही बाकं भिंतीला लावली, हॉलची किल्ली पाद्र्याच्या घरी दिली आणि ती विकच्या बसकडे निघाली.