खारट मातीचे शिपाई

मित्रांनो, मी एक जुनी लढाई आहे: फळीवर मांडलेला मातीचा देखावा. लांबी सहा वीत, रुंदी चार वीत. मांडव्याच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या एका गावात, कोंडाजीच्या पडवीत मी पडून असतो. माझ्यात आता एकच शिपाई उरला आहे, आणि त्याच्यावरही हात पडेल की काय, या भीतीपोटी मी हे सांगतो आहे. निर्जीव वस्तूला भीती कशी वाटते, असे तुम्ही विचाराल. कशी ते मला ठाऊक नाही. वाटते, एवढेच मी नमूद करतो.

कोंडाजी सन १९१४ च्या मोठ्या लढाईत खेचरांच्या तुकडीत होता. बसऱ्याच्या वर, तैग्रिस नदीच्या काठी, खंदकांपर्यंत पाणी आणि दारूगोळा पोहोचवणे हे त्याचे काम. गावातून तो आणि बुधाजी असे दोघे गेले. परत आला तो एकटा कोंडाजी. बुधाजी लढाईला गेला तेव्हा त्याची मुलगी नलू पाळण्यात होती. तिची आई पुढे पटकीने गेली, आणि येसूबाईने, म्हणजे बुधाजीच्या आईने, तिला वाढवले. सरकारचा कागद आला होता, देह आला नव्हता. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याची आपल्याकडे रीत आहे. येसूबाईने ती होऊ दिली नाही. "देह दिसला न्हाय तवर माझा पोर जिता हाय," असे ती म्हणे.

नलू कळती झाली तशी कोंडाजीला विचारू लागली, "काका, माझा बा तिथं कुठं बसायचा? तुमाला भ्या वाटायचं का?" कोंडाजी सांगायला सुरुवात करी आणि त्याची दातखीळ बसे. जे तोंडाने सांगता येईना ते हाताने सांगावे, म्हणून सन १९२६ च्या उन्हाळ्यात त्याने मला घडवायला घेतले.

दाराच्या जुन्या फळीवर मी उभा राहिलो. मिठागराच्या बांधाची माती त्याने धोतराच्या फडक्यातून गाळली आणि तीत भाताचे तूस मळले. माणूस दीड पेर उंच, आणि बाकी सारे त्याच मापात. खंदक छातीइतकाच खोल. तिथे त्याहून खाली खणले की पाणी लागे, म्हणून त्याने माझ्यातही अधिक खणले नाही. खजुराची झाडे काथ्याची झाली. शिपाई तारेच्या सांगाड्यावर उभे राहिले, आणि त्यांतला प्रत्येक जण कोंडाजीच्या ओळखीचा, तिथेच राहिलेला कोणीतरी होता. जिवंत असा एकच: कोंडाजी स्वतः, हातातला लोटा पुढे करून बसलेला. समोर बुधाजी.

"काका, खेचरांना शेपट्या न्हाईत," नलूने एकदा चूक काढली.

"घोड्याचं केस कुठनं आनू? तुझ्या आज्याच्या तबेल्यातनं?"

नलू पळाली आणि रावजी न्हाव्याच्या पिंपळाखालून मूठभर केस घेऊन आली. "रावजीमामा म्हनला, ने गं, सगळ्या गावचं हायत."

शेपट्या फार हुबेहूब झाल्या. तळा गावाहून आलेल्या एका पेन्शनर सुभेदाराने मला पाहून ताठ उभे राहून सलाम ठोकला. माझ्या आयुष्यातला मानाचा क्षण तो एवढाच.

माझ्या घडणीत एक दोष राहून गेला होता. कोंडाजीने माती गाळली, पण धुतली नाही. जन्म मिठागरावर गेलेल्या माणसाला खारट माती ही मातीच वाटते. मीठ हवेतला ओलावा ओढते; त्यामुळे श्रावणात माझ्या शिपायांच्या कपाळांवर, पाठींवर पाण्याचे बारीक थेंब उभे राहिले. त्याच सुमारास नलूला ताप भरू लागला. आधी हुडहुडी, मग दाह, मग घाम. मध्ये एक दिवस बरा, आणि पुन्हा तेच. हिवताप असाच येतो. पण कोणीतरी माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरीला घाम फुटला का ह्या बाहुल्यांना बी फुटतो."

मला खरे कारण माहीत होते. कारण माहीत असणे हा भीतीवरचा उतारा नव्हे, हे मला तेव्हा समजले. लोक पडवीच्या कडेने जाताना नजर वळवत, आणि त्या न पाहण्याला मी भिई.

एका दुपारी येसूबाई कोयता घेऊन आली. मागे अंगणात शेजारीपाजारी उभे होते.

"कोंडाजी, ह्या बाहुल्यांत केस कुनाचं हायत?"

"काकी, ते खेचरांच्या शेपट्यांना लावलेत."

"कशाला लावलं ते न्हाय इचारलं. कुनाचं?"

रावजी न्हावी मागून पुटपुटला, "सगळ्या गावचं."

"मंग सगळं गावच बांधून ठेवलंस की रं मेल्या!" एक बाई ओरडली. अंगणातला घोळका एक पाऊल मागे सरला. त्यांच्या भीतीला मी भ्यायलो आणि माझ्या थेंबांना ते.

कोयता वर गेला. आणि तिथेच थांबला.

"ह्यो टाच उचलून बसलाय," येसूबाई म्हणाली.

बुधाजी उकिडवा बसला की त्याची डावी टाच जमिनीला टेकत नसे. कोंडाजीने तीही मापात घडवली होती.

"व्हय काकी."

"हितंच पडला का रं?"

"हितंच. पानी मागितलं व्हतं. मी देत व्हतो."

येसूबाईने कोयता खाली ठेवला. त्या टाचेवरून तिने बोट फिरवले. मग म्हणाली, "मी पुतळा करू दिला न्हाय. तू केलास. वाट मोकळी न्हाय म्हनून पोरीला बोलावतोय त्यो."

तिने बुधाजीला उपटून पदरात घेतले. माझ्या मातीत दोन भोके राहिली.

कोंडाजी आत गेला आणि टपालकचेरीतून आणलेल्या कोयनेलच्या, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनच्या, पुड्या घेऊन बाहेर आला. "त्याला ने. पन ह्या बी ने. कडू हाय, ओकली तर पुन्ना द्यायची."

बुधाजी खाडीत गेला, कोयनेल नलूच्या पोटात गेले, आणि ताप हटला. दोन उपाय एकाच वेळी केले की गुण कोणाचा, हे सांगता येत नाही. गावाने मात्र ताबडतोब सांगितले.

तेव्हापासून प्रत्येक पावसाळा माझ्यावर दरोड्यासारखा आला. ज्या घरी ताप, त्या घरचे माणूस खाडीत सोडायला शिपाई मागत पडवीत उभे. कोंडाजीचा नियम एकच: "पुडीशिवाय शिपाई मिळायचा न्हाय." त्याखेरीज कोणी ते कडू औषध गिळलेच नसते, हे तो जाणून होता. त्याची किंमत मी मोजत होतो. पोर वाचले की शिपायाचे नाव होई. दगावले की शिपाई चुकीचा निवडला असे ठरे. पुडीचे नाव कोणीच घेतले नाही. हळूहळू खंदक ओस पडले, तूस उंदरांनी खाल्ले, काथ्याचे खजूर वाकले. उरला तो लोटा पुढे केलेला कोंडाजी. समोर दोन भोके.

आज नलू आली. तिचे लग्न याच गावात झाले आहे. तिच्या कडेवरच्या तान्ह्या मुलाला हिवताप भरला आहे. तिच्या मागून काठी टेकत येसूबाई आली. तिला आता धड दिसत नाही.

"शेवटचा राह्यलाय न्हवं? तोच दे," येसूबाई म्हणाली.

अंगणात शेजारीपाजारी जमले होते. आजवर गेलेले शिपाई मेलेल्या माणसांचे होते. हा जिवंत माणसाचा. तो खाडीत गेला तर कोंडाजीही जाईल, ही धास्ती होती. सगळ्यांनी फक्त कोंडाजीकडे पाहिले.

"ने गं नलू," कोंडाजी म्हणाला. "मातीच ती. मातीनं मानूस मरत न्हाय." पण त्याने माझ्या फळीची कड धरली, ती सोडली नाही.

नलूने शिपायाला धरले. तार मातीत करकरली. तिने खाली वाकून तो इवलासा लोटा पाहिला.

"काका, ह्यो माझ्या बापाला पानी देतोय न्हवं?"

"व्हय."

तिने बोटे काढून घेतली. "पुडी द्या. नुसती पुडी."

"आगं, पोर जाईल!" येसूबाई किंचाळली.

"गेलं तर माझं जाईल, आजी. पन ऱ्हायलं तर कशानं ऱ्हायलं, त्ये एकदा मला कळू दे."

मित्रांनो, मी हे सांगत असताना ताप उतरलेला नाही. उतरेलच, असे मी म्हणणार नाही; औषधही कधी कधी हरते, हे मी पाहिले आहे. एवढेच मागतो: भीती वाटेल तेव्हा जी वस्तू हाताशी सापडेल ती फोडू नका. तिला घाम का आला, ते आधी पाहा. कोणीतरी तिच्यात ते ठेवलेले असते, जे त्याला बोलता आले नाही.

मूल पडवीतच झोळीत निजले आहे. ते कण्हले की नलू दचकून उठते, माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि त्या शेवटच्या शिपायाकडे पाहते. अजून तरी तिने हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले आहेत.