कात्री न लागलेली पुस्तिका

रोह्याच्या दामोदर गुरुजींना गणपतीच्या सजावटीच्या जुन्या पुस्तिका जमवायचं वेड होतं. त्यांत मखराचे नमुने छापलेले असत. लोक ते कापून पुठ्ठ्यावर चिकटवत, म्हणजे पुस्तिका कामाला आली की संपलीच. कात्री न लागलेली प्रत मिळणं मुश्कील. म्हणून गडब गावच्या धोंडुबाईच्या ट्रंकेतून चौऱ्याऐंशी सालची अख्खी प्रत निघाली तेव्हा गुरुजींनी ती अलगद ओंजळीत घेतली.

"अशी कशी राहिली हो?"

"आमच्या मालकांनी मखरासाठी आणली नि चार दिसांत दवाखान्यात पडले. घशात नळी, बोलता येत नव्हतं. शेवटल्या दिवशी ह्याच्यावर पेन्सिलीनं कायतरी लिवलं नि माझ्या हातात दिलं. मला वाचता येत नाय. तवापास्न घरात मखर केलं नाय, गणपती नुसता पाटावर."

"कुणाकडून वाचून नाही घेतलंत?"

"आधी भ्याव वाटायचं. मंग सुनेम्होरं लाज. तुम्ही परके, तुम्ही वाचा."

मागच्या पानावरच्या त्या करड्या ओळी बघून गुरुजी हळहळले. एवढी देखणी प्रत, आणि त्यावर हे. "अक्षर पुसट आहे. घरी भिंगातून बघतो. पेणला माझ्या पुस्तिकांचं प्रदर्शन आहे, त्याला या, तिथे सांगतो आणि पुस्तिकाही परत देतो."

घरी त्यांनी एकदाच वाचलं. 'धोंडू, मी नसलो तरी मखर कर. लाल कागद घे, तुला आवडतो तो. माझ्यामागं सण बंद करू नको.'

मग त्यांनी खोडरबर घेतलं.

"अहो, तिला विचारा तरी," त्यांची बायको वृंदा म्हणाली.

"विचारलं तर नको म्हणेल."

पुसून झाल्यावर पुस्तिका दोन दिवस वजनाखाली ठेवली. अक्षरांचे वळही उरले नाहीत.

प्रदर्शनाला धोंडुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. गुरुजींनी काचेखालून पुस्तिका काढून मागचं पान उघडलं. तिनं कागदावर बोट फिरवलं.

"हितं व्हतं."

"साफ करताना गेलं."

"वाचलं व्हतंत?"

वृंदा शेजारीच उभी होती. खरं सांगितलं असतं तर म्हातारी पुस्तिका घेऊन गेली असती, हे गुरुजींना कळत होतं.

"वाचलं. मापं होती, मखराची. दोन फूट, तीन फूट."

"माझं नाव नव्हतं कुठं?"

"नाही."

धोंडुबाईनं पुस्तिका मिटून त्यांच्या हातात दिली.

"मंग तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मापांचं मी काय करू?" आणि पदर सावरत ती एस.टी. स्टँडकडे निघून गेली.

पुस्तिका पुन्हा काचेखाली गेली. दुपारी गर्दी झाली. एवढी स्वच्छ प्रत जिल्ह्यात दुसरी नाही, हे गुरुजी लोकांना समजावून सांगत होते. बोलता बोलता त्यांच्या घशाला कोरड पडली. त्यांनी वृंदाकडे पाणी मागितलं. ती खुर्चीवरून उठली नाही.