खुंटीला तेल

नवऱ्याला पुन्हा गायला लावायचं म्हणून केशरबाई पन्नाशी उलटल्यावर एकतारी शिकायला बसली, आणि लाखांदूरकडच्या त्या लहानशा गावाची उन्हाळाभर फुकटात करमणूक झाली. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालचा तो उन्हाळा. धान विकून झालं होतं, तळं आटत चाललं होतं, मोहफुलंही वेचून संपली होती. लोकांना दुसरं कामच काय होतं? येता-जाता कुंपणापाशी थांबायचे, माना उंच करून आत बघायचे आणि हसत पुढं जायचे. खुशाल हसा म्हणावं. केशरबाईला त्याची फिकीर नव्हती.

तिचा नवरा भोजराज गावच्या भजन मंडळाचा मुख्य गायक. चढा, खणखणीत आवाज. तो मारुतीच्या देवळात गायला लागला की तळ्याच्या पाळीवरचा माणूस ओळखायचा, भोजराज बसला म्हणून. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडून राहावं लागलं. पाय सावरला, बोलणंही फिरून जाग्यावर आलं, पण उजवा हात काही उठेना.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी तो हौसेनं मंडळात गायला बसला. आजवर तो स्वतःच छेडायचा ती एकतारी आता भैयाजीनं धरली. भैयाजी म्हणजे मंडळाचा टाळकरी आणि भोजराजचा लंगोटीयार. पहिल्याच ओळीत वर जाताना भोजराजचा आवाज फाटला. मागं कुणीतरी तोंडात उपरणं कोंबून हसलं. भैयाजी हळूच म्हणाला, "थोडा उतरवू का सूर?" तर भोजराज असा काही खवळला की विचारू नका. ती एकतारी त्याच्या गुरूची. गुरूनं जो सूर लावून दिला तोच ठेवायचा, तार तुटली तर नवी तारही त्याच सुराला चढवायची, असा मंडळाचा शिरस्ता. सूर उतरवायचा म्हणजे भोजराजला भरल्या सभेत डोक्यावरचं पागोटं उतरवल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर त्यानं एकतारी भिंतीवर टांगायला लावली आणि तोंडाला कुलूप घातलं. गाणं तर सोडाच, बोलणंही हं आणि ऊंवर आलं. ताट पुढ्यात ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. दिवसभर ओसरीतल्या खाटेवर पडून आढ्याकडं बघायचा. हा माणूस असाच राहिला तर डोळ्यांदेखत विझून जाईल, अशी धास्ती केशरबाईनं घेतली. तिनं आपल्यापुरता हिशेब मांडला. हा लोकांना लाजतो. मग घरच्या घरी, बायकोच्याच हातात एकतारी असली तर लाजायचं कुणाला? एक दिवस तिनं स्टुलावर चढून एकतारी खाली काढली. भोजराजनं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

शिकवायला भैयाजी यायचा. खाली भोपळा, वर हातभर लांब बांबूची दांडी, शेंड्याला खुंटी आणि तार एक. केशरबाईनं भोपळा मांडीवर घेतला, दांडी खांद्याला टेकवली आणि विचारलं, "आता भजन कसं वाजवाचं?"

"भजन नाई वाजवाचं, वहिनी," भैयाजी म्हणाला. "भजन भोजराज म्हनन. तुमी फक्त सूर देत राहाचं. तार एक, बोट एक. थांबाचं नाई, बस."

ऐकायला सोपं होतं. पण न थांबणं म्हणजे काय असतं ते तार छेडणाऱ्यालाच कळतं. दूध चुलीवर आहे हे आठवलं की केशरबाईचं बोट पळायला लागायचं. बकरीनं कुंपणात तोंड घातलं की बोट जागच्या जागी थांबायचं. शेजारची रंभाबाई दिसली की एकतारी एकीकडं आणि गोष्टी एकीकडं. बोटाला फोड आला, तो फुटला, त्यावर हळद लावून बाई पुन्हा बसली.

असंच एकदा दुपारी ती दणादण तार हाणत होती. खाटेवरून आवाज आला, "वाजवून राहिली का कुटून राहिली?"

केशरबाईच्या हातून एकतारी निसटता निसटता राहिली. इतक्या महिन्यांतलं नवऱ्याचं ते पहिलं धड वाक्य! आनंद तिच्या पोटात मावेना. पण तिनं तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"कुटूनच राहिली," ती म्हणाली. "तुमाले येते त सांगा ना मंग."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बोट वाकडं धर." मग, "एवढी वढू नोको, बैल हाये का ते?" मग, "भैयाजीले काय येते? त्याले टाळ वाजवू दे." भोजराज रोज थोडा थोडा बोलायला लागला, आणि जे बोलायचा ते सगळं बायकोला रागावण्यापुरतंच. केशरबाईला ते बोलणं साखरेहून गोड लागायचं. हात जरा बसल्यावरही ती मधूनच मुद्दाम चुकायची. नवरा तापून बोलला की समाधानानं पुढं वाजवायची.

गाण्याचं मात्र नाव नाही. एकदा ती अगदी काकुळतीला आली. "म्हना ना जी एक. घरात कोन हाये आयकाले?"

"नाई राहिलं आता गळ्यात," तो म्हणाला. चिडूनही बोलला नाही, नुसतं सांगितलं. केशरबाई मागच्या अंगणात भांडी घासायला गेली आणि राखेच्या हातानंच तिनं डोळे पुसले.

वैशाखाच्या उन्हात लाकूड सुकलं आणि एकतारीची खुंटी सैल पडून तार रोज थोडी उतरायला लागली. भैयाजी आला की खुंटी पिळून तार गुरूच्या सुराला चढवायचा. पिळताना खुंटी कुरकुरायची. ती कुरकुर केशरबाईला काही ऐकवेना. बंडीचं चाक कुरकुरलं की एरंडेल, दार कुरकुरलं की एरंडेल, अशी तिची आजवरची रीत. एका सकाळी तिनं खुंटी उपसून काढली, तिला चांगलं बोटभर एरंडेल चोळलं, भोकातही दोन थेंब सोडले आणि होती तशी बसवून दिली. खुंटी लोण्यासारखी फिरली. बाई स्वतःवर खूश झाली.

भैयाजीनं येऊन तार चढवली. हात काढला, तार उतरली. पुन्हा चढवली, पुन्हा उतरली. त्यानं खुंटी हुंगली आणि कपाळावर हात मारला.

"अवो वहिनी! खुंटीले तेल? खुंटीले खडू लावतेत बाप्पा, थांबाव म्हनून! तुमी त तिले पळाले लावलं!"

"कुरकुरत होती जी," केशरबाई कानकोंडी होऊन म्हणाली.

कितीही पिळलं तरी तार खाली खाली घसरत यायची आणि जुन्या सुराच्या बरीच खाली येऊन एका जागी थांबायची. "मी मास्तरच्या घरून खडू आनतो," म्हणून भैयाजी चप्पल घालून निघाला. इकडं केशरबाईला रडू यायच्या बेतात होतं. नवऱ्याच्या गुरूची वस्तू, तिला आपण हात लावायला नको होता. आता खाटेवरून काय ऐकावं लागतं म्हणून ती वाट बघत बसली. खाटेवरून काहीच आलं नाही. ते मुकेपण तिला रागावण्याहून जास्त लागलं. ते सोसवेना म्हणून तिनं होता तो सूर छेडायला सुरुवात केली. जाड, घोगरा, जमिनीलगतचा सूर. मन लागत नव्हतं, पण बोट कसं कोण जाणे, थांबलं नाही.

बऱ्याच वेळानं तिला वाटलं की भोपळा गुणगुणतो आहे. तिनं कान दिला. आवाज भोपळ्यातून येत नव्हता. खाटेवरून येत होता. भोजराज डोळे मिटून त्या उतरलेल्या सुरात सूर मिळवत होता, अंधारात पाय चाचपून टाकावा तसा. मग ओठ उघडले आणि शब्द आले. त्याचं नेहमीचं, नदी ओलांडायला डोंग्याची वाट बघणाऱ्या माणसाचं भजन. आवाज पहिला नव्हता. खणखणीतपणा गेला होता, मध्ये मध्ये जाड व्हायचा. पण वर जाताना तो फाटला नाही, कारण वर म्हणावं इतकं वर आता काही नव्हतंच.

केशरबाईच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. खडू घेऊन आलेला भैयाजी दारातच थबकला. तिनं डोळ्यांनीच त्याला दटावलं. त्यानं खडू खिशात टाकला आणि उंबऱ्यावर बसून घेतलं.

तिसऱ्या कडव्यात भोजराज अडला. आजारानं शब्द पुसून नेला होता. त्यानं ओळ पुन्हा धरली आणि पुन्हा तिथंच येऊन थांबला. आता हा गप्प होईल आणि कायमचा होईल, हे केशरबाईला दिसलं. तिनं तार सोडली नाही. तार छेडता छेडताच पुढची ओळ सांगितली, पुरी.

भोजराजनं डोळे उघडले. "तुले कसं येते हे?"

"कसं येते म्हंजे? जलमभर तुमच्या मंडळाचा चहा कोनं केला? चुलीपाशी काय बहिरी बसली होती का मी?"

भोजराज तिच्याकडं बघतच राहिला. "सगळे येतेत?"

"सगळे."

"अन् मले कधी सांगतलं नाई."

"तुमी कधी पुसलं जी?"

डाव्या हातावर भार देत भोजराज खाटेवर जरा सरकला आणि तिच्याजवळ आला. "म्हन मंग संगं," तो म्हणाला. "मी अडतो तिथं तू म्हनत जा."

"मी? माह्या गळ्यात कुठं सूर हाये?"

"म्हन."

केशरबाईनं म्हटलं. तिला खरंच सूर नव्हता. कधी तारेच्या वर जायची, कधी खाली. बेसुऱ्याला भजनातून उठवून लावणारा म्हणून भोजराजची पंचक्रोशीत ख्याती होती. भैयाजी उंबऱ्यावर श्वास धरून वाट बघत बसला, की आता ओरडतो, मग ओरडतो. भजन पार शेवटापर्यंत गेलं, पण भोजराजनं तिला एकदाही थांबवलं नाही.