धाब्यावरची थडी

माझी नणंद ललिता हिचं लग्न ठरलं ते १९५९ साल. बौद्ध पद्धतीनं लागणारं आमच्या घरातलं ते पहिलं लग्न, आणि पाहुणे अचलपूरचे. लग्नाला नऊ दिवस उरले तरी आमच्या धाब्यावर नवी माती पडली नव्हती.

आमची वस्ती अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी. वर कुठेतरी जिवंत झरा होता, म्हणून उन्हाळ्यातही नाल्यात घोट्याएवढं पाणी असे. घरं सगळी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची. लाकडांवर तुराट्या, तुराट्यांवर वीतभर पांढरी माती. दर चैत्रात तिच्यावर नवा थर दिला नाही तर पावसाळ्यात घर गळणारच. ही माती मिळे नाल्याच्या थडीत. नाला आणि आमची घरं यांच्यामध्ये आड होता तो तेवढा एक उंच काठच. सगळी वस्ती तिथूनच खणून नेई. नेता नेता थडीला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं.

माझे सासरे पुंजाजी त्या खिंडारापाशी काठी घेऊन बसत आणि कोणाला खणू देत नसत.

शेजारची जाईबाई टोपलं घेऊन येई. “मामा, थडी का तुमची लेक हाय? तिले कवा सासरी धाडसान का नाही?”

“धाडतो,” मामाजी म्हणत. “मंग तिच्या जागी तू उभी राय. रुंदीले पुरतं तूच.”

जाईबाई हसे, आणि ते जेवायला गेले की टोपलं भरून नेई.

माझे मालक देवमन कापसाच्या जिनात हमाली करत. ते मला म्हणाले, “पाहुन्याइच्या डोक्यावर माती गळंल तर लोक काय म्हनतीन? बाबा जेवाले येतेत, तवाच घेऊन ये.”

मी तसंच केलं. मामाजींना भाकर वाढली, ललिताला त्यांच्यापाशी बोलत बसवलं आणि थडीवर गेले. वरची माती लोकांनी नेलेली, म्हणून मी बुडाशी खणलं. अकरा टोपली आणली. संध्याकाळी मामाजींनी खिंडार पाहिलं, मग आमचं धाबं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाल्याच्या वरच्या अंगाला, बार्शीटाकळीकडे, आभाळ काळं झालं. आमच्याकडे थेंब नाही. चैत्रातल्या नाल्याला कोण भितं? बायांची धुणी दगडांवर वाळत होती. तासाभरानं पाणी आलं ते गारा घेऊनच. नाला थडीला लागला, खिंडार सापडलं आणि सरळ आमच्या दारात आला. आम्ही मामाजींना ओढून धाब्यावर चढवलं. जाईबाईचं घर ठेंगणं, तीही आमच्याकडेच चढली. खाली लग्नाचे गहू, डाळ, ललिताच्या लुगड्यांची पेटी, सगळं कंबरभर पाण्यात.

मग जाईबाई म्हणाली, “मामा, आता तरी बोला. थडी कुठी गेली?”

मामाजींनी नखानं धाबं उकरलं. “कुठी जाईन? तिच्यावरच तं बसली हायेस.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मामाजी, बुडातली म्या नेली.”

“मालूम हाय मले. तू ढेकळं फोडत नाही, तशीच टाकतं. दुरून दिसते.”

पाणी उतरायला रात्र झाली. माणूस कोणी गेलं नाही. सकाळी मी चिखल काढत होते तर वरून आवाज आला. मामाजी धाब्यावर माती खरवडून टोपल्यात भरत होते.

“बाबा, लगन सा दिवसावर आलं, अन् घर उघडं पाडून राहिले?” मालक म्हणाले.

“पाऊस वरून आला तं भिजशान. नाला आला तं वाहून जासान.”

ते टोपलं घेऊन थडीकडे चालू लागले. चौथ्या खेपेला मी त्यांच्या हातातून टोपलं घेतलं. माझी अकरा टोपली मी परत नेली, आणि वर आणखी. मालक आधी रागावले, मग तेही आले. वस्तीतली दोन घरं आली. जाईबाईनं एक टोपलं दिलं आणि दहा वेळा सांगितलं. खिंडार अर्धं बुजलं, पुढे बुजलंच नाही.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. पाहुण्यांना ओल्या भुईवर पोती अंथरून बसवलं. कोणी नावं ठेवली असतील, मी ऐकली नाहीत.

त्या पावसाळ्यात घर रात्रंदिवस गळलं. नालाही आला, पण गुडघ्याएवढाच. पुढच्या चैत्रात लोकांनी पुन्हा फावडी काढली. मामाजी पुन्हा काठी घेऊन बसले. मी धाब्याची माती मोर्णेपलीकडून आणू लागले, डोक्यावर, दीड कोस. दोन खेपांतच मान दुखू लागे. जाईबाई म्हणे, “काहून मरतं इंदू, थडी तं दारात हाय.” मी चुंबळ नीट करून पुढे चाले.

मामाजींच्या काठीचं बूड झिजत गेलं. शेवटी शेवटी ते येणाऱ्याला हटकतही नसत, नुसते पाहत.

माझे सासरे पुंजाजी १९६२ सालच्या मार्च महिन्यात दुपारी, जेवून थडीवर बसले असताना वारले.